शेऱ्याचा रकाना

हेगच्या अभिलेखागारात पेन चालत नाही.
फक्त पेन्सिल, तीही त्यांनीच दिलेली,
आणि कागद ठेवायचे फोमच्या उशीवर,
आजारी माणसाचं डोकं ठेवावं तसे.

पेटी क्रमांक चारशे बारा.
आजोबा, तुम्ही एका कार्डावर मावला आहात.
लेआतेमिया, डॉमिंगस. जन्म सापारुआ बेटावर.
धर्म प्रोटेस्टंट. दात शाबूत.
उंची एक मीटर एकसष्ट.
डाव्या भुवईवर व्रण.

त्या व्रणाची गोष्ट तुम्ही दर नाताळला वेगळी सांगायचात:
कधी शार्क, कधी जपानी संगीन,
एकदा तर आजीने फेकून मारलेली करवंटी,
आणि आजी चुलीपाशी मान हलवायची,
नक्की हो की नाही ते कळायचं नाही.
कार्डाला व्रण तेवढा ठाऊक.

भरतीच्या वेळी वय सतरा.
पगार गोऱ्या शिपायाहून कमी,
जावाच्या शिपायाहून किंचित जास्त.
त्या किंचितवर
केवढं राज्य उभं राहिलं होतं.

पुढचा कागद पातळ, जांभळी कार्बन-प्रत.
पश्चिम जावा, गस्तीचा अहवाल, पहाटे साडेचार.
आपली हानी: नाही.
झाडलेली काडतुसं: एकशे अठरा.
जप्त: सुरे दोन, सायकल एक, हिरवी.
समोरचे मृत: सहा.

सायकलचा रंग लिहिलाय.
मी पान उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं.
सहा जणांच्या नावांसाठी रकानाच आखलेला नाही.

खाली सही. अहवाल लिहिणारा कॉर्पोरल.
आडनावाच्या पहिल्या अक्षराला शेवटी गळ,
मासा लागेल असा.
हा गळ मला ओळखू येतो, आजोबा.
बराकीतल्या टेबलावर, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर,
माझी मूठ तुमच्या मुठीत धरून
तुम्हीच तो मला काढायला शिकवलात.
आजही बँकेत मी तश्शीच सही करते.

शेजारच्या टेबलावर कुणीतरी हळूच शिंकलं.
मी पेन्सिल खाली ठेवली.

मग एक्कावन्न साल. रॉटरडॅमचा धक्का.
शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द: बडतर्फ.
बोटीवर चढलात तेव्हा शिपाई होतात,
उतरून पाच-सहा दिवस झाले नि कुणीच नव्हता.
सहा महिन्यांसाठी आणलं, म्हणाले.
उत्तरेला, दलदलीच्या काठी, लाकडी बराक नंबर अठरा,
जेवण सरकारी भटारखान्याचं, रोज बटाटा,
आठवड्याला हातखर्च तीन गिल्डर
आणि पलंगाखाली बांधून तयार पेटारा.
तो पेटारा मी आठ वर्षांची असताना उघडला:
गणवेश, कसर लागलेला,
आणि लवंगांची पुरचुंडी. वास नव्हता.

खाल्ल्या मिठाला जागलो, म्हणायचात.
लोक येत, ऐकत, उठून जात.
आजोबा, मीठ तर आपल्याच समुद्राचं होतं.
हे तेव्हा मला सुचलं नाही,
आणि सुचलं असतं तरी
तुमच्या इस्त्रीच्या शर्टासमोर
मी ते बोलले असते का, सांगता येत नाही.

पाच वाजता पेटी परत करायची.
एक फॉर्म भरायचा असतो:
संबंधित व्यक्तीशी नातं. नात.
वाचनाचा हेतू.
त्या ओळीवर पेन्सिल बराच वेळ टेकून राहिली,
टोकाचा एक काळा ठिपका पडला.
बाईंनी फॉर्म घेतला, ठिपक्यासकट.

बाहेर ट्रामच्या थांब्यावर आईचा फोन.
काय सापडलं? पदकाचं काही लिहिलंय का गं?
वारा होता. मी कॉलर वर केली.
उंची सापडली, म्हटलं.
एक मीटर एकसष्ट.

एवढेच? आई म्हणाली.
मला तर ते दारात मावायचे नाहीत असे आठवतात.